हरवलेला भाऊ, उघडं फाटक आणि तीन वर्षांच्या मुलीची आठवण: थरारकादंबरीच्या कथानकावर चर्चा हवी आहे

सांजवेळ (धागाकर्ती)

एक सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहायला घेतली आहे आणि एका जागी अडकले आहे. इथे या प्रकारचं भरपूर वाचणारी मंडळी आहेत, म्हणून कथानक उघड करूनच विचारते. गुपित आधी कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

एका घरातला सहा वर्षांचा मुलगा दुपारी नाहीसा होतो. पुन्हा सापडत नाही. त्याची धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची. आता ती एकतीस वर्षांची आहे आणि कथा तीच सांगते. त्या दुपारची तिला एकच गोष्ट आठवते, पण लख्ख आठवते: अंगणाच्या फाटकाची लोखंडी कडी, उन्हाने तापलेली. तळहाताला चटका बसला तरी तिने ती ओढली. फाटक उघडलं, दादा बाहेर गेला.

यावरून तिला घरात कधीही कोणी रागावलेलं नाही. "तू लहान होतीस बाळा, तुझी काय चूक" हेच ती ऐकत आली आहे. आजीकडून, बाबांकडून, काकांकडून. आई मात्र हे वाक्य कधीच म्हणाली नाही. त्यामुळे आईने आपल्याला माफ केलेलं नाही, असं धरून ती मोठी झाली.

वडील गेल्यावर घर रिकामं करायला ती येते. फाटक तेच आहे, आता गंजलेलं. आणि कडी तिच्या खांद्याच्या उंचीवर आहे. तीन वर्षांच्या मुलीचा हात तिथे पोचणंच शक्य नाही.

मला असं ठामपणे वाटतं की अशा कथेत "मुलाला कोणी नेलं" हा प्रश्न दुय्यम असतो. त्या दिवसापासून घर स्वतःला काय सांगत आलं आणि ते कोणाच्या माथी मारलं, हा खरा प्रश्न. पण त्यासाठी पाया पक्का हवा. न घडलेली गोष्ट माणसाला इतकी स्पष्ट, चटक्यासकट आठवू शकते का? आणि जिथे सगळेच माफ करत आहेत, त्या घरात खोटं कोण बोलतंय हे वाचकाला कधी कळावं?

पाचोळा

कडीची उंची वाचून अंगावर काटा आला. यावर तीनशे पानं उभी राहू शकतात.

एक शंका. तीन वर्षांच्या वयाचं कोणाला काही आठवतं का? मोठ्या माणसांची सगळ्यात पहिली आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची असते, आणि तीही तुटक. जाणता वाचक पहिल्याच प्रकरणात म्हणेल की ही आठवण खरी नाही. मुलीचं वय पाच केलं तर?

कवडसा

वय बदलू नका. ती आठवण वयाच्या मानाने जास्तच धडधडीत आहे, हाच पहिला धागा आहे आणि तो वाचकाच्या डोळ्यांसमोर उघडा पडलेला आहे. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

मी मानसशास्त्र शिकले आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर लिहिते. १९९५ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या चार घटना लिहून दिल्या. तीन खऱ्या, घरच्याच माणसाला विचारून घेतलेल्या. चौथी बनवलेली: पाचेक वर्षांचे असताना तुम्ही मोठ्या बाजारसंकुलात हरवलात, रडलात, एका वयस्क बाईने मदत केली आणि घरचे परत भेटले. पुढच्या मुलाखतींमध्ये साधारण पाव लोकांना ही न घडलेली घटना पूर्ण किंवा अर्धवट "आठवली". काहींनी तर स्वतःच्या पदरचे तपशील घातले.

इथे घरच्या माणसाचा वाटा बघा. माहिती आई, भाऊ, मावशी अशा कोणाकडून तरी आली आहे असं सांगितलं होतं, म्हणून विश्वास बसला. परक्याने सांगितलं असतं तर माणूस अडला असता. आपल्या लहानपणाचे साक्षीदार घरचेच असतात आणि त्यांची उलटतपासणी कोणी घेत नाही.

त्याआधी १९९४ मध्ये स्टीफन सेसी आणि सहकाऱ्यांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना आठवड्यामागून आठवडे तेच विचारलं: "तुझं बोट उंदराच्या सापळ्यात अडकलं होतं, दवाखान्यात जावं लागलं होतं, आठवतं का?" असं काही झालेलंच नव्हतं. शेवटी निम्म्याहून जास्त मुलांनी अशा एखाद्या तरी खोट्या प्रसंगाची हकिगत सांगितली: कोण होतं, बोट कसं अडकलं, गाडीतून कसे गेलो. ते व्हिडिओ या क्षेत्रातल्या जाणकारांना दाखवले, तर कोणतं मूल खरं सांगतंय हे त्यांनाही खात्रीने ओळखता आलं नाही.

तेव्हा कडीचा चटका शंभर टक्के शक्य आहे. पण याच आकड्यांची दुसरी बाजू तुमच्या जास्त कामाची आहे. सगळ्यांवर हे चालत नाही. लॉफ्टसच्या प्रयोगात तीन चतुर्थांश लोकांनी ती गोष्ट स्वीकारली नाही. मग तुमच्या घरातही असं कोणीतरी हवं, ज्याला हीच गोष्ट तितक्याच वेळा सांगितली गेली आणि तरी ती त्याच्या मनात रुजली नाही. त्या माणसाला शोधा. कादंबरी तिथून उलगडेल.

सांजवेळ

कवडसा, हे फार मोलाचं दिलंत. चुलतभाऊ आहे माझ्या डोक्यात, काकांचा मुलगा. आतापर्यंत त्याला काहीच काम नव्हतं.

पिंपळपान

अगं सांजवेळ, मला आईबद्दल बोलायचं आहे. एक कळकळीची विनंती: तिला वेडी करू नकोस. या प्रकारात हे इतकं झालं आहे की आई गोळ्या घेते म्हटलं की वाचक तिच्यावर संशय घेऊन मोकळा होतो, आणि शेवटी "तिच्या मनाचा तोल गेला होता" एवढ्या एका वाक्यात सगळं मिटवलं जातं. मानसिक आजार असलेली माणसं सहसा कोणाला गायब करत नाहीत, ती स्वतःच कशीबशी तग धरून असतात. आजाराला गुन्ह्याचं कारण करून ठेवणं हा लेखकाचा आळस आहे आणि वाचणाऱ्या रुग्णावर अन्याय आहे.

तुझ्या कथेतली आई मला वेगळीच दिसते. सगळं घर माफ करत असताना ती गप्प आहे. मुलीने त्याचा अर्थ राग असा लावला. पण जिची चूकच नाही तिला माफ कशाबद्दल करायचं? त्या घरात खोटं न बोललेली ती एकटीच बाई असेल तर?

सांजवेळ

पिंपळपान, अगदी हेच. आई कामावर होती. नक्की काय झालं ते तिला कधीच कळलं नाही, पण कडीवर तिचा विश्वास कधी बसला नाही. फाटक रोज तीच लावायची ना. ते ती बोलून का दाखवत नाही, याचं उत्तर मला अजून नीट मांडायचं आहे. "तू घरी नव्हतीस" हे एक वाक्य तिचं तोंड बंद करायला पुरेसं होतं, इतकं मला माहीत आहे.

ओहोळ

कथानक आवडलं, पण एक मोठं भोक आहे. मूल हरवल्यावर पोलीस शोध घरापासूनच सुरू करतात. पंचनामा होतो, आत-बाहेर जायच्या वाटा बघतात, शेवटचं कोणी पाहिलं ते विचारतात. तीन वर्षांच्या मुलीने कडी काढली असं घरच्यांनी सांगितलं असतं, तर साध्या हवालदारालाही कडी बघताक्षणी कळलं असतं. अठ्ठावीस वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही हे मला पटणार नाही.

आणि मानसशास्त्र कितीही खरं असलं तरी वाचक पानं उलटतो ते "कोणी" आणि "कसं" यासाठी. त्याला दुय्यम म्हणून बाजूला सारू नका. ज्या कथेत लेखिका स्वतःच रहस्याला कमी लेखते, तिथे वाचकही अर्ध्यात पुस्तक मिटतो.

सांजवेळ

ओहोळ, भोकाचं उत्तर आहे माझ्याकडे. पोलिसांना कडीची गोष्ट कधी सांगितलीच गेली नाही. ती घराच्या आतल्या वापरासाठी होती. बाहेर सांगितलं ते वेगळं: मुलगा खेळायला गेला आणि परत आला नाही. वडिलांचा जबाब त्यांच्या जुन्या कागदांत तिला सापडतो. ते संध्याकाळी पाचला कामावरून आले तेव्हा आजीने सांगितलं, "आत्ताच बाहेर गेलाय." जबाबात फाटक नाही, कडी नाही, तीन वर्षांची मुलगी तर नाहीच. आणि घरातल्या गोष्टीत मात्र तळपती दुपार आहे. चटका बसायला ऊन हवं ना.

ओहोळ

आता जमलं. दुपार आणि पाच वाजता यांच्यातले तास कुठे गेले? आता मला पुस्तक वाचायचं आहे. कागदावर *नसलेली* गोष्ट पुरावा होते, हे फार थोड्यांना सुचतं.

उंबरठा

मी इथे फारसं लिहीत नाही. आमच्या घरातले एक काका मी लहान असताना घरातून निघून गेले, ते आलेच नाहीत. त्यामुळे हरवलेल्या माणसाच्या कथा मी जरा वेगळ्या नजरेने वाचते.

बहुतेक लेखक रडणं लिहितात. रडणं पहिल्या काही महिन्यांचं असतं. नंतर जे राहतं ते फार साध्या, रोजच्या गोष्टींत असतं. आमच्याकडे घरचा फोन कोणी वापरत नव्हतं तरी त्याचं बिल भरलं जायचं, कारण काकांना तोच नंबर पाठ होता. कुलूप बदलायची वेळ आली तेव्हा घरात भांडण झालं, कारण जुनी किल्ली त्यांच्याजवळ होती. यावर कोणी मोठ्याने बोलत नसे.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत. त्यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम केलं आणि या अवस्थेला संदिग्ध वियोग म्हटलं. माणूस नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही. दुःख करायला सुरुवात करावी तर आपणच त्याला मारलं असं वाटतं. बऱ्याच देशांत सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मृत मानता येतो, भारतातही तसंच आहे. पण त्यासाठी अर्ज घरच्यांपैकी कोणालातरी करावा लागतो. त्या अर्जावर सही कोण करणार, या एका प्रश्नावर अख्खं घर दुभंगू शकतं. तुमच्या कथेत तो कागद आहे का?

आणि एक मागणं आहे. शेवटी मुलाचं काय झालं ते स्पष्ट सांगा. "सत्य कोणालाच कळत नाही" असा शेवट लेखकांना खोल वाटतो. आम्ही त्याच शेवटात राहतो, त्यात काही खोल नाही.

सांजवेळ

उंबरठा, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार. स्पष्ट सांगणार आहे, ते आता पक्कं. अर्जाचा कागद कथेत नव्हता, तो येईल. आजी त्या सहीसाठी घाई करते आणि आई करू देत नाही, असं मला आत्ताच दिसायला लागलं आहे.

जुनी पानं

धागा वाचताना १९१२ मधलं एक प्रकरण सारखं डोक्यात येत होतं. अमेरिकेत लुइझियाना राज्यात बॉबी डनबार नावाचा चार वर्षांचा मुलगा तळ्याकाठच्या सहलीत नाहीसा झाला. आठ महिन्यांनी शेजारच्या मिसिसिपी राज्यात विल्यम वॉल्टर्स या फिरत्या पियानो दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर एक मुलगा सापडला. डनबार दांपत्याने तो आपलाच म्हणून ओळखला. पहिल्या भेटीबद्दल वर्तमानपत्रांत उलटसुलट आलं, पण दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना अंगावरच्या खुणा पटल्या असं आईने सांगितलं. वॉल्टर्स म्हणत राहिला की हा ज्युलिया अँडरसन या बाईचा मुलगा आहे, तिनेच माझ्याकडे सोपवला. ती बाई आली. तिच्यासमोर काही मुलं उभी केली, ती पहिल्यांदा अडखळली, आणि तेवढ्यावरून तिचा दावा मोडीत निघाला. गरीब, एकटी, लग्नाबाहेर मूल झालेली बाई होती. वर्तमानपत्रांनी तिच्या चारित्र्यावर रकाने भरले.

मुलगा बॉबी डनबार म्हणून वाढला, त्याचं लग्न झालं, मुलंबाळं झाली, १९६६ मध्ये तो गेला. पुढे त्याच्या नातीने जुनी कागदपत्रं धुंडाळली आणि २००४ मध्ये डीएनए चाचणी झाली. त्याचं डनबारांशी रक्ताचं नातं नव्हतं. म्हणजे वॉल्टर्सला अपहरणकर्ता ठरवलं (ती शिक्षा पुढे रद्द झाली), ज्युलियाचं मूल गेलं, आणि खऱ्या बॉबीचा शोध तिथेच थांबला.

मला यात चाचणीपेक्षा ती मागणारी नात मोठी वाटते. सगळ्या नातेवाइकांना ती नको होती. काहींना आपलं आडनाव, आपले आजोबा, सगळंच हिरावल्यासारखं वाटलं. खोट्यावर उभं राहिलेलं प्रेम खोटं नसतं, म्हणून तर ते गुपित इतकी वर्षं टिकतं. सांजवेळ, तुमच्या नायिकेलाही कोणीतरी विचारायला हवं की आता उकरून काय मिळणार. विचारणारा माणूस दुष्ट नसावा.

पाचोळा

बापरे, हे प्रकरण माहीत नव्हतं. ज्युलियाचं वाचून फार वाईट वाटलं.

सांजवेळ, तुम्ही हरवलेला भाऊ म्हणून कोणाला परत आणणार आहात का? हल्ली तसं बरंच वाचायला मिळतं.

सांजवेळ

नाही. डीएनए चाचणीच्या काळात तोतया दोन दिवस टिकेल, आणि तसं केलं की सगळी गोष्ट त्या माणसाची होते. मला ती बहिणीची ठेवायची आहे.

आता काय घडलं ते सांगते. त्या दुपारी घरात आजी, काका, दोन्ही भावंडं आणि चुलतभाऊ होते. काका अंगणात गाडी मागे घेत होते. मुलगा गाडीमागे होता. पुढचं आजी आणि काकांनी मिळून केलं. कडीची गोष्ट काही महिन्यांनी आली, आई परत परत विचारायला लागली तेव्हा. आजीने ती रचली. लहान मुलीवर ठेवलेल्या दोषाची चौकशी कोणी करत नाही, सगळे तिला जवळ घेतात आणि विषय संपतो.

कवडसा

आणि वडील? त्यांना कळलं का?

सांजवेळ

बऱ्याच वर्षांनी. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ते पोलिसांत गेले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी "तुझी काय चूक" म्हणणं बंद केलं. मुलीला वाटलं, आता बाबांनीही माफी मागे घेतली. ती घर सोडून गेली ते त्यामुळे. वाचकाला ही जागा पहिल्या पन्नास पानांत दिसते, अर्थ शेवटी लागतो.

पिंपळपान

हे वाचून गप्पच बसले. बाबांचा मला रागही आला आणि कीवही आली. खरं सांगायची हिंमत नाही आणि खोटं बोलवत नाही. अशी माणसं घराघरांत असतात गं.

कवडसा

बाबांची जागा अप्रतिम आहे. आता एक सावधगिरी. नायिकेला शेवटी सगळं अचानक "आठवलं" असं कृपया करू नका. विशेषतः संमोहन नको. १९८५ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने म्हटलं होतं की संमोहनाने आणलेल्या आठवणी जास्त विश्वासार्ह नसतात. माणसाची खात्री मात्र वाढते, म्हणून ते जास्त घातक. जिच्या डोक्यात एक आठवण घातली गेली, तिच्याच डोक्यातून दुसरी आठवण काढून ती सत्य मानायची, हे तुमच्याच पायावर कुऱ्हाड मारणं होईल. पुरावा बाहेरून येऊ द्या. आणि खोटी आहे हे कळल्यावरही कडीची आठवण पुसली जाऊ नये. ती तशीच राहते, फक्त माणसाला ठाऊक असतं.

सांजवेळ

संमोहनाचं अर्धं प्रकरण लिहून झालं होतं, ते काढते. मग बाहेरचा पुरावा चुलतभावाकडूनच यायला हवा. पण त्याने इतक्या वर्षांनी येऊन सगळं कबूल करणं मला फार सोयीचं वाटतं. स्वतःच्या वडिलांविरुद्ध तो का बोलेल? त्याचं वय किती ठेवू?

ओहोळ

नऊ ठेवा. शाळेत जाणारं, नीट बोलणारं मूल, म्हणजे पोलिसांनी त्याच्याशी बोलणं आलंच, आणि फाइलमध्ये त्याचाही छोटा जबाब असणार. मग त्याने आता काही सांगायची गरजच नाही, तेव्हाच सांगून झालेलं आहे.

लहान मुलांशी बोलायची चांगली पद्धत ही की हो-नाहीचे प्रश्न टाळायचे आणि "दुपारी काय काय झालं ते सांग" असं मोकळं विचारायचं. असं विचारलं की मूल न विचारलेल्या गोष्टीही सांगून जातं. त्याला जे लपवायला शिकवलं तेवढंच तो लपवेल. "आम्ही सगळे झोपलो होतो. मग मी उठलो. बाबा गाडी धूत होते." बस, एवढंच वाक्य.

पाचोळा

पण काका शेजारीच बसले असतील ना? ते तिथेच अडवणार नाहीत?

ओहोळ

अडवलं तर लिहिणाऱ्याची मान वर होईल. त्या क्षणी कोणालाच त्या वाक्यात काही दिसत नाहीये, आणि हे काकांनाही कळतं. म्हणून ते गप्प बसतात आणि वाक्य कागदावर उतरतं. त्या वेळी शोध चाललाय तो खेळायला गेलेल्या मुलाचा, अंगणातल्या गाडीकडे कोण बघतो?

सांजवेळ

आणि तो जबाब नायिका वडिलांच्या जबाबासोबतच वाचते. पहिल्यांदा वाचते तेव्हा तिचंही लक्ष जात नाही, कारण ती फक्त फाटक शोधत असते. दुसऱ्या वाचनात अडखळते. तेराव्या प्रकरणात पहिलं वाचन ठेवते आणि एकविसाव्यात दुसरं. मधल्या प्रकरणांत काकांची ती गाडी लगेच विकली गेल्याचा उल्लेख कुठे तरी बोलता बोलता यायला हवा, तो बहुतेक आईच्या तोंडी घालीन. उद्यापासून तेराव्याला बसते.